अठ्ठावीस दिवसांचा महिना

अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा नांदगावच्या घरात फोनच नव्हता, म्हणून आधी समजावून सांगतो. आता प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि तो दोन प्रकारे चालतो. प्रीपेड म्हणजे आधी दक्षिणा, मग मंत्र. पोस्टपेड म्हणजे आधी मंत्र, महिनाअखेरीला दक्षिणा. आई प्रीपेडवाली. आणि प्रीपेडचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. सौर नाही, चांद्र नाही. नाक्षत्र म्हणावा तर तोही सत्तावीस दिवस आणि वर थोडा. तुम्ही असतात तर कंपनीकडे शास्त्राधार मागणारं पत्र टाकलं असतंत.

आईचा महिना मात्र तुम्ही ठरवून दिलेला. मी दहा वर्षांचा असेन. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही परातीतल्या पिठात बोटाने चंद्राच्या कला काढून तिला दाखवता आहात, आणि मी मध्येच म्हणतो, महिना तीस दिवसांचा. "कुठला महिना?" एवढंच विचारून तुम्ही मला उत्तर येईपर्यंत ओट्यापाशी उभं केलंत. उत्तर आलं नाही, पोळ्या गार झाल्या. मग तिला म्हणालात, "आपला महिना संकष्टी ते संकष्टी. कॅलेंडरातला सरकारचा." तिने ते आजतागायत मोडलेलं नाही. संकष्टीच्या संध्याकाळी गणपतीला जाते आणि येताना देवळाजवळच्या दुकानात रिचार्ज मारते. दोन संकष्ट्यांमध्ये एकोणतीस-तीस दिवस. म्हणजे दर संकष्टीच्या आधी दीडेक दिवस तिच्या फोनवरून कुणालाच फोन लागत नाही.

गेल्या महिन्यात नेमक्या त्या दीड दिवसात ती मोरीत घसरली. पाय मोडला. फोन कमरेला होता. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या तोवर तीन तास फरशीवर बसून होती. दवाखान्यात मलाच हसवत होती, "कुणालाही लावला की फोनमधली ती बाई तेच, मुदत संपली आहे, मुदत संपली आहे. शेवटी म्हटलं, बाई गं, फोनची की माझी, तेवढं सांग."

मी म्हटलं, पोस्टपेड करू. मध्येच बंद पडायला नको, बिल मी नाशिकहून भरीन.

"नको. मी गेल्यावरही बिल येत राहील."

"तेव्हा बंद करू."

"तू? अण्णांच्या नावाचं लाईटबिल अजून बदललं नाहीस."

खरं कारण तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दुकानात चंद्रोदयापर्यंत ती खुर्चीवर बसते, आणि दुकानदार दर वेळी विचारतो, "मावशी, सकाळपासून काही खाल्लं का?" रिचार्ज नसेल तर तिथं काय म्हणून बसायचं? बसायला काय लागतं, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "तुला नाही कळायचं. निमित्त लागतं." शेवटी पोस्टपेड झालं. पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून तिचा विरोध लवकर मोडला. याचं श्रेय मी वक्तृत्वाला देत नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवता येणार नाही आणि तुमच्याकडे पोचवायची सोय नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. दीड दिवसाचं गणित पाय मोडल्यावर माझ्या लक्षात आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते मला दोन वर्षांपूर्वीच सुटलं होतं, तुमच्याच शिकवणीने. आई दिवसातून पाच वेळा फोन करते. जेवलास का, कॉलेजात शिकवून आलास का, भाजी कुठली होती. आणि महिन्यातून दीड दिवस करत नाही. तिला तेव्हा फोन का लावता येत नाही, ते मी तिला कधी सांगितलं नाही. अण्णा, मुदत संपली तरी आलेला फोन तिला घेता येत होता. मी केला असता तर लागला असता. मी चहा घेऊन गच्चीत बसायचो, आणि मला बरं वाटायचं.