भरून परत येणारी बाटली

प्रिय रूपा,

आबा उद्या सकाळच्या बसने धुळ्याला येतायत. त्यांच्या पिशवीत तुझे दोन कॉटनचे ड्रेस आहेत, भागाआत्यासाठी थोडी कळण्याची भाकरी आहे आणि हे पाकीट आहे. तू आत्याकडे बरी व्हायला गेल्यापासून रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर मी "जेवलीस का" विचारते, तू "हो" म्हणतेस आणि आपण दोघी फोन ठेवायची वाट बघतो. काल तुझ्याआधी आत्यानेच फोन घेतला. "पोर मनाकडे शे, तू काही घोर करू नको. पानीना तांब्या तिना हातमा देस, तवयच ती पेस," म्हणाली. तांब्या हातात दिला तरच तू पाणी पितेस, हे तिने सहज सांगितलं. मी मात्र दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध गॅसवर नव्हतंच.

सोमवारी तुझी मेडिकल आहे. तू परत इंजिनवर चढणार की आयुष्यभर टेबलाशी बसणार, ते त्या दिवशी ठरणार. तू त्याबद्दल बोलत नाहीस, पण तिकडच्या गच्चीवरून मालगाडीची शिट्टी ऐकू आली की तू जेवता जेवता थांबतेस, हेही आत्यानेच सांगितलं.

तुला असिस्टंट लोको पायलटची ऑर्डर आली तेव्हा आबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि मी देवघरात जाऊन रडले होते, ते तुला माहीत नाही. पुढे खंडेनवमीला शेडमध्ये इंजिनांची पूजा होती, घरच्यांना आत सोडलं होतं. तू मला हात धरून वर चढवलंस. "आई, जपून, तो दांडा तापलाय." ऑक्टोबरातही तो दांडा पोळत होता. आत बसायला फाटलेल्या सीट, आतला स्पंज बाहेर आलेला, समोर भली मोठी काच, त्यातून सरळ अंगावर ऊन, आणि मागून मशीनची धग. पंखा होता, तोही गरमच वारा फेकत होता. हे बंद इंजिन, मग मे महिन्यात भुसावळच्या उन्हात चालू असताना काय होत असेल, असं माझ्या मनात आलं. मी तुझ्या ड्रायव्हरसाहेबांना, सुकदेवभाऊंना, विचारलं, "आणि बाथरूम कुठंय हो?" ते म्हणाले, "पुढच्या स्टेशनावर, वहिनी! गाडी थांबली तर!" सगळे हसले. तू खाली बघत होतीस. आणि रूपा, मीही हसले. एवढ्या माणसांत वेगळं तोंड करून उभं राहायला मला लाज वाटली.

त्यानंतर मी तुला रोज डबा देत आले, सोबत पाण्याची मोठी बाटली. डबा रिकामा यायचा आणि बाटली तशीच भरलेली परत यायची. ती धुणारी मीच. ते पाणी मी मागच्या जास्वंदीला घालायचे. दोन-अडीच वर्षं घातलं. जास्वंद छान वाढली. मला कळत नव्हतं असं नाही. ड्यूटीच्या आदल्या दिवसापासूनच तू चहाला नको म्हणायचीस, कलिंगडाला हात लावायची नाहीस. एकदा मी विचारलं, तेव्हा तू चिडून म्हणालीस, "काय करू मग? वॉकीटॉकीवर सांगू? त्या लाइनीवरचे सगळे गार्ड, सगळे स्टेशन मास्तर ऐकतात, की मॅडमला उतरायचंय!" आणि मग तू हसून, मास्तरचा आवाज काढून दाखवलास. आपण दोघी पोट धरून हसलो. त्या हसण्याखाली तू काय मागत होतीस ते मी ऐकायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला माझ्या शाळेची गोष्ट सांगितली.

आमच्या सिस्टरांच्या शाळेत वर्ग चालू असताना बाहेर जायला मागणं म्हणजे वळण नसलेल्या मुलीचं लक्षण. मी दहावीपर्यंत एकदाही हात वर केला नाही. सकाळी घरून निघताना घोटभर पाणी प्यायचं आणि परत आल्यावर तांब्याच्या तांब्या. मला त्याचा केवढा अभिमान होता! तुलाही मी लहानपणापासून तेच शिकवलं. लग्नात, प्रवासात, आजीकडे फैजपूरला जाताना, "धर जरा, चांगल्या घरच्या मुली असं मध्येच मागत नाहीत." तू धरायला शिकलीस. मग त्या दिवशी धरणगावच्या पुढे तुझी मालगाडी बाजूच्या लाइनीवर उभी करून ठेवली होती, सगळी दुपार, सिग्नल मिळेना, स्टेशन लांब, दोन्ही बाजूंना उघडी शेतं. तेव्हाही तू धरलंस. ताप अंगात असताना धरलंस. भुसावळला उतरलीस ती प्लॅटफॉर्मवर बसलीसच. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय.

दवाखान्यात पहिली धावत आली ती तुझ्यासारखीच इंजिनवर असणारी तुझी सुनिताताई. ड्यूटीवरून थेट, अंगावर तोच निळा शर्ट, हाताला ग्रीस. तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, पण तुझ्या पायाशी बसून तुझे तळवे चोळत होती. "पोरी, तू बरी हो, यावेळी मी या लोकांना सोडत नाही." आणि खरंच तिने सगळ्या बायकांच्या सह्या घेतल्या, तक्रार वर पाठवली. केबिनमध्ये सोय करा, नीट सीट द्या, एसी द्या, निदान गाडी उभी असताना उतरू द्या. त्यावर वरून चौकशीची माणसं आली. पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. तुझा त्रास नोकरीच्या आधीचाच आहे, लहानपणापासूनचा आहे, असं त्यांना "जवळच्या व्यक्तीकडून" कळलं. मग केबिनचा दोषच उरला नाही. बाकीच्या पोरींची तक्रार बाजूला पडली, आणि तुला इंजिनवरून काढायचं का याचीच चर्चा सुरू झाली.

सहावीत असताना तुला एकदा असा त्रास झाला होता, हे तू फक्त सुनिताला सांगितलं होतंस. म्हणून तू तिला फोन केलास. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. "ताई, माझ्या पोटातलं तुम्ही चारचौघांत मांडलंत. तुम्हाला माझी जागा हवी होती का?" मी विळीवरून उठले नाही. दोन दिवसांनी ती केळीचे वेफर्स घेऊन दाराशी आली. तू आतून म्हणालीस, "सांग, झोपलीय." मी तसं सांगितलं. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काकू, खरंच मी नाही हो." मी म्हटलं, "बघते मी, समजावते तिला." दार लावलं. ते वेफर्स आबांनी खाल्ले, मला एकही गिळवला नाही.

रूपा, ती जवळची व्यक्ती मी आहे. तुला अजून सलाईन लावलेलं होतं, बाहेर बाकड्यावर चौकशीच्या मॅडम माझ्याशेजारी बसल्या. चांगल्या होत्या, माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "जुनं दुखणं असेल तर तिला ऑफिसात बसवता येईल." मला एक खोली दिसली, पंखा असलेली, शेजारी कडी लागणारं दार असलेली, आणि त्या खोलीत तू जिवंत. मी म्हटलं, "हो, लहानपणापासूनचंच आहे तिचं." सहावीतला एक ताप मी तुझ्या सगळ्या बालपणावर पसरला. तेव्हा वाटलं, आईनेच सांगायचं असतं हे. सुनितावर तू ओरडलीस, तेव्हा मात्र कळलं, मी काय केलंय, आणि तरीही मी गप्प राहिले. परवा मी भुसावळला तिच्या क्वार्टरवर जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाली, "काकू, माझ्या आईनंही हेच केलं असतं. पण मी तिच्याशी वर्षभर बोलले नसते." मग तिनेच त्या मॅडमना फोन लावून दिला. मॅडम म्हणाल्या, सोमवारी डॉक्टरांसमोर येऊन सांगा. मी येणार आहे. तुला माझ्या शेजारी बसायचं नसेल तर मी बाहेरच्या बाकावर बसेन, पण बोलावतील तेव्हा आत जाऊन खरं तेच सांगेन. तू सुनिताला आजच फोन कर, माझ्यासाठी थांबू नकोस. माझ्याशी कधी बोलायचं ते तू ठरव. आणि एक गोष्ट लपवून हे पत्र बंद केलं तर ते पुन्हा तसंच खोटं होईल, म्हणून लिहिते. सोमवारी मी खरं सांगेन, आणि सांगताना मनातून देवाला म्हणत असेन की माझ्या पोरीला नापास कर. ते मला थांबवता येत नाहीये.

तुझीच,
आई