ब्रेकला वारा

४ नोव्हेंबर

गाडी शर्यतीच्या ट्रॅकबाहेर गेली! कडेच्या टायरच्या थप्पीत नाक घुसलं. नवऱ्याला खरचटलंसुद्धा नाही. म्हणतो, "वळणाआधी पेडल दाबलं, तर पायाखाली काही लागलंच नाही. ब्रेक तापून गेले, दुसरं काय!" हसत सांगत होता. मला हसता आलं नाही.

६ नोव्हेंबर

रोगाचं निदान यानेच केलं — ब्रेकला वारा कमी पडतो. बंपरमधून थेट ब्रेकच्या डिस्कपर्यंत वारा नेणाऱ्या नळ्या मागवल्यात. गाडीच्या कंपनीच्या नव्हेत, बाहेरच्या.

लेकीने नवं हेल्मेट आणलंय. पुढच्या ट्रॅकच्या दिवशी ती बाबाशेजारी बसणार! मी "नाही" म्हटलं. दोघं एका सुरात — "अगं, नळ्या येतायत ना!"

९ नोव्हेंबर

खोकं आलं. दोन काळी तोंडं आणि वळ्यावळ्यांच्या नळ्या. आमच्या वॉशिंग मशीनचं पाणी जातं, तसल्याच दिसतात. यांच्या भरवशावर पोरीला बसवायचं?

१३ नोव्हेंबर

गॅरेजवाल्याकडे नळ्या बसवल्या. गॅरेजवाला याचा शाळेतला मित्र, तोंडाचा फटकळ. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघितलं, चाक नळीला घासत नाही ना. मग मला म्हणाला, "वहिनी, पेशंटच्या नाकात नळ्या घातल्यात. आता देवावर हवाला!" हसले खरी. फार दिवसांनी.

त्याने डिस्कच्या कडेला तीन रंगांचे पट्टेही ओढले. डिस्क तापत जाईल तसा एकेक रंग उडतो म्हणे. एका नळीचं तोंड मुद्दाम चिकटपट्टीने बंद केलं — वाऱ्याने फरक किती पडतो, ते कळायला.

१५ नोव्हेंबर

सरावाला गेलो. याने गाडी चांगली पिटाळली. थांबल्यावर मित्र वाकला. दोन्हीकडचे तिन्ही रंग जसेच्या तसे! पट्टी लावलेल्या बाजूचेसुद्धा.

"अरे, तुझी डिस्क तापतच नाही. नळ्या काय, टोपलं बांधलं असतंस तरी चाललं असतं."

"मग त्या दिवशी?"

"ते तू सांग. चालवत तू होतास."

हा वाकून चिकटपट्टी सोलायला लागला. मला वाटलं होतं, भांडेल.

१६ नोव्हेंबर

विचारलं — ब्रेक तापले नव्हते, तर गाडी थांबली का नाही? "त्याच्या रंगांचा काय भरवसा!" म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१८ नोव्हेंबर

आता आणखी मोठ्या नळ्या आणल्यात! मित्राकडे न जाता घरीच बसवणार.

हा घाबरला की वस्तू आणतो. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा गादी आणली, मग दुसरी गादी, मग चाकांची खुर्ची. त्यांच्या खोलीत मात्र दारातूनच डोकवायचा. मी तेव्हा चिडायचे. आता कळतं, त्याला आत यायला हातात काहीतरी लागायचं.

पण या वेळी कशाला घाबरलाय? गाडीला नाही, एवढं नक्की. रात्री जेवताना लेकीला सांगत होता, "तू बस गं बिनधास्त." सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.

२० नोव्हेंबर

लेकीशी कडाक्याचं भांडण. "तुला बाबावर विश्वासच नाही!" बाबा ऐकत उभा.

२१ नोव्हेंबर

सकाळी गाडी स्टँडवर चढवून हा खाली शिरला. नुसते पाय बाहेर, साध्या चपलांत. "हत्यारांची पेटी दे गं." लोखंडाची भरलेली पेटी दोन्ही हातांनी ओढत आणली, टेकवली — आणि बघते तर त्याच्या उजव्या, ब्रेक दाबायच्या पायाच्या बोटांवर! झटकन उचलली. बोटं लालभडक झाली होती.

गाडीखालून अगदी शांत आवाज आला —

"अगं, आणतेयस ना पेटी?"