चेहरा नको, हात राहू दे

प्रिय सफवत,

काल फोनवर तू पुन्हा विचारलंस, "नजला, प्रोमो झाला का? माझा शॉट कसा आलाय?" आणि मी पुन्हा सांगितलं की मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत आहे. खरं ते फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच विनोद करणार, मी हसणार आणि सांगायचं राहून जाणार, म्हणून हे लिहायला बसले. क्लबच्या जर्सी सांभाळणाऱ्या शहाता काकांच्या हाती पाठवतेय. ते अजून तुझ्याच गल्लीतून घरी जातात. त्यांनी "काय आहे गं यात?" विचारलं, तर मी म्हटलं, "इनाससाठी मोलोखियाच्या भाजीची कृती." तेव्हा बायकोसमोर उघडलंस तर तेवढं सांभाळून घे.

गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण तू "लोखंड झालाय" म्हणणार. इनासने मला सगळं सांगितलंय. पहाटेच्या नमाजानंतर तू कालव्याकाठी पळतोस आणि घरी येताना भिंतीचा आधार घेत जिना चढतोस. अजून एकच हंगाम, मग हातमोजे खिळ्याला टांगेन, असं तू अध्यक्ष हाज बदवींना म्हणालास आणि तेव्हापासून त्यांच्या फोनकडे डोळे लावून बसलायस. हे साऱ्या सुवेझला ठाऊक आहे. परवा मी तामियाचे वडे घ्यायला थांबले तर कढईवरचा माणूस म्हणाला, "कॅप्टनचं ठरलं का हो? तो गोलमध्ये नसला तर आम्ही शुक्रवारी करायचं काय, घरी बसून बायकोची बोलणी खायची?" मी म्हटलं, तेल करपतंय, तिकडे बघ.

मला सध्या आपली पहिली फिल्म फार आठवते. मी तेव्हा लग्नांचे व्हिडिओ काढून काढून विटले होते आणि मीना क्लबने मला जाहिरात करायला बोलावलं, तेही कैरोचा माणूस परवडत नव्हता म्हणून. पहिल्या क्रमांकाचा गोलकीपर पोट धरून घरी बसला आणि राखीव म्हणून तुला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मासळीबाजारात तू मधोमध उभा, दोन्ही बाजूंनी बायका लिंबं फेकतायत आणि तू एकूणएक झेलतोयस, अशी माझी कल्पना. उम्म बहियाला लिंबू फेकण्यात काही गंमत वाटेना. तिने टोपलीतला ओला बोरी मासाच भिरकावला आणि ओरडली, "ए कॅप्टन, गोल मागाहून अडव, आधी हा पकड! सुटला तर या सुवेझात तुला कुणी पोरगी देणार नाही!" तू आडवा उडालास आणि मासा छातीशी धरून उठलास, तोंडभर खवले. सारा बाजार तुझ्याकडे असा बघत राहिला की तूच घाबरलास. उजवा पंजा पसरून थेट माझ्या भिंगावर आणलास आणि म्हणालास, "खम्सा! दृष्ट लावू नका गं बायांनो!" पडदाभर तुझा पंजा, त्यात ती बाहेरच्या बाजूला वाकलेली करंगळी. मी फिल्म तिथेच संपवली.

पहिला सामना आपण जिंकलो आणि तो पंजा म्हणजे शास्त्रच होऊन बसला. दरवर्षी प्रोमोचा शेवट त्यानेच. कॉफीहाऊसमध्ये टीव्हीवर तो आला की माणसं खुर्चीवरून उठून आपला पंजा त्याच्यासमोर धरतात. उम्म बहिया तर मोबाइलच्या पडद्याला हात लावून मग तो कपाळाला लावते. आपल्या गल्लीत कुणी कधी आपल्या दोघांबद्दल वेडंवाकडं बोललं नाही, त्याचं कारण या फिल्मच्याही आधीचं. माझी आई तापाने अंथरुणाला खिळली होती तेव्हा तुझ्या आईने एका बाजूला तुला, एका बाजूला मला घेऊन पाजलं. दूधभाऊ म्हणजे सख्खा भाऊच, त्याच्या घरी कधीही जावं, दार कधीही उघडं. तुझी आई अजून सांगते, "नजला भुकेली होती, सफवत आळशी होता, म्हणून तिचं डोकं चाललं आणि त्याचे हात."

आता माझ्या धंद्यातलं तुला सांगते. लोकांना वाटतं, संघात कोण राहणार आणि कोण जाणार हे मैदानावर ठरतं. ते ठरतं कुठेही, पण खेळाडूच्या आधी मला कळतं, कारण फिल्म हंगामाआधी हवी असते. ज्याचा शॉट लांबवायला सांगतात तो राहिला, ज्याला गर्दीत ढकलायला सांगतात त्याने बॅग भरावी. खेळाडूंनाही हे माहीत आहे. म्हणून तर उन्हाळ्यात माझ्या टेबलावर एवढी मिठाई येते. गेल्या वर्षी तो डावीकडून खेळणारा झिक्री बसबूसाचं ताट घेऊन आला होता. मी म्हटलं, "बाळा, खाईन, पण शॉट वाढणार नाही." तो हसला, आभार मानले आणि जिन्यात बसून रडला. तू त्याची नक्कल करून दाखवली होतीस आणि मीही हसले होते. तू मात्र कधी मिठाई आणली नाहीस. तुला गरजच वाटली नाही.

यंदा कैरोहून नवा प्रसिद्धीप्रमुख आलाय, उस्ताद शादी. माणूस वाईट नाही, पण मासळीबाजारात नाकाला रुमाल लावतो. त्याने शॉटची यादी वाचून दाखवायला सुरुवात केली तशी मी थेट हाज बदवींना विचारलं, "सफवतचं काय?" ते म्हणाले, "इन्शाअल्लाह." तुला आपल्याकडचं इन्शाअल्लाह मी काय शिकवायचं? तुटक असलं तर होय, लांबलं तर नाही. हाज बदवींचं लांबत गेलं, मग त्यांनी चहात साखर ढवळली आणि म्हणाले, "सफवत म्हणजे क्लबचा लेक." आपल्या क्लबात ज्याला 'क्लबचा लेक' म्हटलं तो दुसऱ्या दिवशी क्लबात दिसला नाही. मी भांडले रे. म्हटलं, हाजसाहेब, तुटक्या बोटाने खेळून त्याने क्लब वरच्या गटात टिकवला, गरज सरो वैद्य मरो असं करू नका. ते म्हणाले, "नजला, तू चित्रं जोड. गुडघे आम्ही बघतो."

तर तुझा करार होणार नाही. वाक्य एवढंच आहे. फोन येणार नाही, सफवत. तुझ्या जागी अस्वानकडचा एक पोरगा घेतलाय. लाजाळू आहे, कॅमेरा बघून घामाघूम होतो, मला "खाला" म्हणतो, म्हणजे मावशी. त्याचा राग करून बघितला, जमला नाही.

गेला आठवडाभर मी तुला कापतेय. बोगद्यातून बाहेर येताना तू पुढे होतास, तिथे आता तो आहे. पोरांच्या घोळक्यात तुझा खांदा राहिला होता, तोही काढला. शेवटी पंजा आला. त्या पोराचा पंजा घेऊन बघितला, चांगला मोठा आहे, पण हाज बदवींनी पाहिल्याबरोबर मान हलवली. "छे छे, अपशकुन! हात सफवतचाच हवा. चेहरा नको, हात राहू दे." शादी म्हणाला, "उत्तम! हात काय, कुणाचाही चालतो, कोण ओळखतंय?" कैरोच्या माणसाला करंगळी दिसली नाही आणि मी दाखवली नाही. मनगटाच्या पट्टीवरचं तुझं नाव मात्र मला पुसावं लागलं. अक्षर अक्षर पुसताना मी रडले, मग तोंड धुऊन पुन्हा बसले. शुक्रवारी फिल्म लागेल तेव्हा चेहरा एकाचा आणि करंगळी तुझी, हे सुवेझमधल्या शेंबड्या पोरालाही कळेल. लोक चिडतील, दोन दिवस हाज बदवींना शिव्या घालतील. मग सामना असेल आणि सगळे बघायला जातील. मला लोक माहीत आहेत, मीही त्यांच्यातलीच.

एवढंच असतं तर मी तुझ्या घरी येऊन, तुझ्या आईसमोर बसून सांगितलं असतं. पण आणखी एक आहे. गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर तुझ्या घरी शूटिंग ठरलंय ना, नव्या हंगामाचा संदेश म्हणून? तू काल सांगितलंस, इनासने निळी जर्सी इस्त्री करून ठेवलीय आणि मुलींनाही शेजारी बसवायचंय. तो नव्या हंगामाचा संदेश नाही. तुझ्याकडून "मी सदैव तुमच्याबरोबर आहे" एवढं हसत वदवून घ्यायचं, खाली उदास संगीत घालायचं आणि शनिवारी क्लबने निरोप म्हणून ते लावायचं, म्हणजे तू आपण होऊन, राजीखुशीने गेलास असं दिसेल. बातमीदारांना तू उंबऱ्यावरून परत पाठवतोस, म्हणून त्यांनी मला निवडलं. कारण माझ्यासाठी तू दार उघडतोस. मी नाही म्हणाले, तर शादी शांतपणे म्हणाला की मग तो स्वतः फुलं घेऊन जाईल. आणि तू असा आहेस की त्याला चहा पाजशील, मुलींना त्याच्या मांडीवर बसवशील आणि तो सांगेल ते ते बोलशील. म्हणून मी हो म्हटलं. गुरुवारी मी येईन. शादी आणि कॅमेरावाला माझ्या पाठीशी उभे असतील, त्यामुळे मला एक शब्दही वेगळा बोलता येणार नाही. मी बेल वाजवीन, नेहमीसारखी "कॅप्टन, उठा की!" म्हणून हाक मारीन, लाडाने मारीन, कदाचित तुझ्या आईचं नाव घेऊनही मारीन. दार उघडू नकोस, सफवत. मी कितीही हाका मारल्या तरी उघडू नकोस.

तुझीच,
दाराबाहेरची
नजला