शून्याची चूक

३ फेब्रुवारी
आजपासून हिचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. म्हणजे काम हीच करणार, वेग मी देणार. ओव्हरक्लॉकिंग! कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याहून जास्त वेगाने त्याला पळवायचं. तेही फुकटात. फक्त तो तापतो, म्हणून तापमानावर डोळा ठेवायचा. आता माप वाचणं हा तर माझा धंदाच. इतकी वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरतोय ते काय उगीच?

ही आजवर दुसऱ्याच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. मेहनत हिची, खाली सही साहेबांची. गेल्या वर्षी नोकरी सोडली. आता एका शाळेच्या इमारतीचं काम पहिल्यांदा स्वतःच्या नावावर मिळण्याची संधी आहे. चोवीस तारखेला शाळेच्या समितीला फिल्म दाखवायची: दारातून आत, जिना चढून वर, एकेका वर्गातून फिरून बाहेर. ती फिल्म तयार करायला कॉम्प्युटर फार वेळ खातो. ही म्हणाली, आहे त्या वेगात होईल माझं. म्हटलं, मी घरात असताना रखडायचं कशाला?

४ फेब्रुवारी, सकाळ
मोठा शोध. कॉम्प्युटर नुकताच सुरू केला, काही काम नाही, तरी प्रोग्राम म्हणतो प्रोसेसर ४१ अंश. भिंतीवरच्या थर्मामीटरवर खोली २६. म्हणजे यंत्र सरळसरळ पंधरा अंश खोटं बोलतंय.

आमच्या खात्यात याला शून्याची चूक म्हणतात. रिकामा काटा शून्यावर नसेल, तर जेवढा पुढे असेल तेवढं प्रत्येक वजनातून वजा करायचं. आता मी रोज पंधरा वजा करणार. जगभरातले लोक आकडे बघून घाबरतात आणि ही साधी गोष्ट कुणाला सुचू नये!

६ फेब्रुवारी
वेग एक पायरी वाढवला. स्क्रीनवर ८४. खरे ६९. ही म्हणाली, खरंच भरभर चाललंय हो. चहाबरोबर कौतुक.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याला शून्याची चूक समजावून सांगितली. तो म्हणाला, भाऊजी, कॉम्प्युटर सुरू झाला की प्रोसेसर तापायला लागतोच, तो रिकामा काटा नव्हे, ४१ म्हणजे ४१च. हा विमा कंपनीत कामाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

९ फेब्रुवारी
दुसरी पायरी. स्क्रीनवर ९१. शंकेला जागा नको म्हणून आणखी दोन प्रोग्राम उतरवून घेतले. एक म्हणतो ९३. दुसरा म्हणतो ७९. तिघांतला एकच खरा असणार. विचारपूर्वक ७९वाला ठेवला, बाकीचे काढून टाकले. ७९ वजा १५, ६४. वेग वाढला आणि तापमान उतरलं! हे मात्र मलाही अपेक्षित नव्हतं.

११ फेब्रुवारी
कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद पडला. हिचं सकाळचं काम गेलं. फार गरम झालं की स्वतःला बंद करायचं, अशी त्याच्यात सोय असते म्हणे. म्हणजे खोटा आकडा वाचून हा बिचारा स्वतःच घाबरतोय. ती मर्यादा सेटिंगमध्ये जाऊन वर ढकलून दिली. आता घाबरणार नाही.

१३ फेब्रुवारी
ही म्हणाली, काल काढलेली भिंत आज दोन बोटं सरकलीय. म्हटलं, भिंती सरकत नसतात, तू दमलीयेस. दुपारी म्हणाली, खिडकी एक कमी झालीय. मी येऊन मोजल्या. एक कमीच होती. म्हटलं, तूच पुसली असशील.

हिने खिडक्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाली, असेल.

१५ फेब्रुवारी
हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. पण त्यांच्या यंत्राला शेवटचं कुणी तपासलंय? त्यावर तपासणीचा शिक्का दिसला नाही. बाहेर येऊन हिला बिननंबरचा चष्मा घेऊन दिला, नुसता आरामासाठी. ही नको म्हणत होती. आता निमूटपणे लावते आणि प्रत्येक रेघ दोनदा तपासते. कामाचा वेग त्यामुळे कमी झालाय, याला प्रोसेसर जबाबदार नाही.

१७ फेब्रुवारी
खोलीत कसला तरी वास. काही भाजल्यासारखा, पण अगदी हलका. खिडकी उघडली की जातो, लावली की येतो. टेबलाची फळी खालून ऊन लागते. पंख्याचा आवाजही बदललाय, मधेच दम लागल्यासारखा थांबतो आणि पुन्हा धरतो.

हिने विचारलं, सगळं ठीक आहे ना? म्हटलं, ६७. ही म्हणाली, तुम्ही मापातले आहात, मला त्यातलं काय कळतंय. आणि पुन्हा कामाला लागली. बरं वाटलं. पण वास आहे.

१९ फेब्रुवारी
ही रोज संध्याकाळी सगळं काम पेन ड्राइव्हवर उतरवते. शाबास. म्हणजे काही झालंच तरी काळजी नाही. काही होणार नाहीच.

स्वप्नात मी एका दुकानात काटा तपासत होतो. पारडं रिकामं, आणि काटा हळूहळू पुढे सरकतोय. बाकी झोप छान.

२१ फेब्रुवारी
मेहुण्याने कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. विमा कंपनीतले हात, नाजूक. बाहेर व्हरांड्यात नेऊन मला म्हणाला, भाऊजी, हात जोडतो, चोवीसपर्यंत तरी मूळ वेगावर आणा, ताईचं सगळं यावर आहे. इतका गंभीर मी त्याला कधी पाहिला नव्हता. उद्या नक्की आणतो म्हणालो.

२२ फेब्रुवारी
आज जमलं नाही. वेग कमी केला तर हिचं काम रखडेल, मग पुन्हा ठपका माझ्यावरच. उद्या.

२३ फेब्रुवारी, दुपार
फिल्म उद्या सकाळपर्यंत होत नाही असं दिसतंय. हिचा चेहरा उतरलाय. नुसती स्क्रीनकडे बघत बसलीय. हिच्यासाठी शेवटची एक पायरी वाढवली. हिला सांगितलं नाही, उगाच डोक्याला ताप. आकडा ९८. खरे ८३.

२४ फेब्रुवारी, सकाळ
झाली! फिल्म झाली! सगळी बघायला वेळ नव्हता, सुरुवात बघितली: दार, अंगण, झाडं, झकास. पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून ही निघाली. दारातून मागे वळून म्हणाली, तुमच्यामुळे झालं हो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

दहा मिनिटांनी कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. दमला असेल.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
ही आली. चप्पल काढून तशीच खुर्चीवर बसली.

फिल्ममध्ये दार उघडलं, अंगण आलं, जिना आला. जिना दुसऱ्या मजल्याच्या खालीच तुटला आणि पुढच्या पायऱ्या हवेत लटकत होत्या. वर्गाच्या भिंतीत चित्रातली मुलं कमरेपर्यंत रुतलेली. समितीतलं कुणीतरी हसलं. मग एका बाईंनी शांतपणे विचारलं, आमची मुलं या जिन्यावरून जायची का? हिने आधीच्या दिवसांच्या फायली उघडून दाखवल्या, त्यांतही भिंती सरकलेल्या. काम दुसऱ्याला दिलं.

मेहुणा पाठोपाठ आला. त्याने डबा उघडला, वास घेतला आणि पुन्हा लावला. म्हणाला, इतका तापवल्यावर तो हिशेबच चुकीचे करायला लागतो, चुका फायलीत जातात, आणि ताईने जपून ठेवलं ते सगळं चुकांसकटच.

मी म्हणालो, पण ८३च होतं.

हिने विचारलं, स्क्रीनवर किती होतं? म्हटलं, ९८. कधीपासून? म्हटलं, ९८ कालपासून. त्याआधी कमी.

हिने चष्मा काढला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. हिने विचारलं, मी भिंत सरकली म्हणत होते, तेव्हा माझ्या बोलण्यातून तुम्ही किती वजा करत होतात?

मेहुणा बाहेर गेला. मी विचार करत होतो. खरंच करत होतो, पण आकडा येईना.

२५ फेब्रुवारी
हिने जुन्या साहेबांना फोन केला. सोमवारपासून पुन्हा तिथेच. सही त्यांचीच असणार. मी विचारलं, सोडायला येऊ का? ही म्हणाली, नको, मला रस्ता दिसतो.