गुड्डी उघड्या डोक्यानं येईल

तुमसर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय भाऊ,

कामिनीचा नमस्कार. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून शेजारच्या तुलारामच्या हाती ही चिठ्ठी सिहोऱ्याले पाठवून राहिली. धानाची कापणी झाली असेल. वहिनीचा गुडघा कसा आहे? माझं बरं आहे. आयटीआयमध्ये यंदा शिवणकामाले बावीस पोरी आहेत.

तुझी गुड्डी माझ्याकडेच आहे. काल दोनदा भात मागून जेवली.

तुले वाटते, ती दर शनिवारी माझ्याकडे कॉम्प्युटर क्लाससाठी येते. क्लास नव्हता, भाऊ. तिच्या डोक्यावर चाई पडली, गोल गोल चट्ट्यांनी केस गेले, तेव्हापासून मी तिले नागपूरले नेत होती. माझ्या चाईसाठी मी जाते, त्याच डॉक्टरणीकडे. वहिनीले माहीत आहे. तिच्यावर ओरडू नको. ओरडायचं तर माझ्यावर ओरड.

त्या मशीनले कोल्ड प्लाझ्मा म्हणतात. पेनासारखी दांडी, टोकाले जांभळा उजेड. डोक्याजवळ धरली की मुंग्या आल्यासारखं होते, चटका बसत नाही. जवळपास वीज पडल्यावर सुटते तसा वास येते. पहिल्या दिवशी गुड्डी माझा हात सोडेना. "आत्या, जळणार तर नाही ना मी?" दुसऱ्या खेपेले मलेच म्हणाली, "तू बाहेर बस."

डॉक्टरणीनं फसवलं नाही. "हे नवीन आहे," ती म्हणाली, "कोणाला गुण येतो, कोणाला नाही. औषध सोबत लावावंच लागेल." माझ्या गालावरचे मुरमांचे खड्डे बरेच भरले. डोक्यावर मात्र काहीच उगवलं नाही. गुड्डीच्या चट्ट्यांवर बारीक लव आली आहे. ती मशीननं आली, औषधानं आली की आपोआप, हे डॉक्टरणीलेही सांगता येत नाही. उद्या गळेलही. गुड्डीले हे सारं ठाऊक आहे.

आणि तू रविवारी पाहुणे बोलावलेस. तिच्यासाठी विग आणलास. वहिनीले तो धानाच्या ढोलीमागं सापडला, म्हणूनच गुड्डी माझ्याकडे निघून आली. काहून आणलास, भाऊ?

असाच एक तू सहा वर्षांपूर्वी माझ्यासाठी आणला होतास. मी नाही म्हटलं होतं. तू म्हणालास, "एकदा लग्न होऊ दे, मग पाहू." साक्षगंधात मुलाच्या आईनं कुंकू लावायले माझा पदर मागं सारला आणि विग सरकला. सारा मांडव पाहून राहिला होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू हात जोडले आणि त्यांना म्हणालास, "आमाले माहीत नव्हतं जी. पोरीनं आमच्यापासूनही लपवलं."

इतकी वर्षं मी यावर बोलली नाही. अख्खा गाव मले लबाड म्हणाला. आई गेली तेव्हा तीही तेच समजून गेली. केस गेले त्याचं मले एवढं लागलं नाही, जेवढं तुझ्या त्या एका बोलण्याचं लागलं.

गुड्डीले मी तशी पाटावर बसू देणार नाही. एकोणीस वर्षांची आहे, तिले विचार. तिले आधी शिकायचं आहे. तरी पाहुण्यांसमोर येईन म्हणते, तुझा शब्द जाऊ नये म्हणून. पण येईल ती आहे तशीच. रविवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघी येऊन राहिलो, दोघीही उघड्या डोक्यानं. बसस्टॉपपासून घरापर्यंत चालत येऊ. पाहू दे गावाले.

पाहुण्यांनी विचारलं तर तू सांगजो, "मले माहीत होतं." तू नाही सांगितलंस तर गुड्डी स्वतः सांगेल, आणि मी तिच्या बाजूले उभी राहीन. ज्यांना उठून जायचं असेल, ते चहा पिऊन जातील.

गुड्डी इथंच बसली आहे. म्हणते, माझ्याकडूनही लिही: "बाबा, विग दुकानात परत करा."

तुझी बहीण, जिनं तुझ्यापासून कधीच काही लपवलं नव्हतं,
कामिनी