फोनवरचा हुकूम

आबा, परवा माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा, सगळं. फेटा बांधला तसाच उतरवून कपाटावर ठेवलाय, मोडवत नाही. सत्कार कशाबद्दल, तर लोकशाही राखल्याबद्दल. तुम्ही असता तर चहाचा ठसका लागला असता, म्हणून सावकाश सांगतो.

मी कॉलेजात असतानाची तुमची ती सुट्टी आठवते का? दिल्लीत सरकार पडलं होतं, नवं जमत नव्हतं. स्वयंपाकघरात पाटावर बसून मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "सरकार पडलं त्या दिवशी तुमच्या पलटणीत काय झालं?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "वांग्याची भाजी. मंगळवार हुता." एवढंच! माझा अगदी हिरमोड झाला. मी म्हणालो, "ह्या भांडखोरांना घरी बसवून देश लष्कराच्या ताब्यात दिला पाहिजे." तुम्ही शांतपणे हात धुतलेत, उठलात आणि आईच्या हातातली पळी काढून घेतलीत. "आजपासनं ह्या घरात लष्कर. ऊठ." मग अंघोळ शिट्टीवर, चहा परवानगीनं. दुपारी आमटी तुम्ही केलेली, त्यात मीठच नाही. मी म्हणतो, अळणी हाय. तुम्ही म्हणता, "तक्रार माझ्याकडंच कराय लागंल. निकाल बी मीच देणार." शेवटी आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्हांला कुणी निवडून दिलंय वो?" तुम्ही मुकाट्यानं पळी तिच्या हातात दिलीत आणि माझ्याकडं वळलात. "बघितलास? मी दिली म्हणून तिला मिळाली. न्हाय दिली असती तर काय करणार हुती ही?" आई म्हणाली, "लाटणं हाय की."

पुढं मी माजी सैनिक घेऊन वॉचमन पुरवायचा धंदा काढला, तेव्हा पहिला माणूस तुम्हीच आणून दिलात, तुमच्याच पलटणीतला हवालदार. आणि त्याला माझ्यादेखत सांगितलंत, निवडून आलेल्या माणसाला गेटवर अडवायचं न्हाय. अडवायचंच झालं तर संचालक मंडळाचा लेखी ठराव पायजे, एकट्या चेअरमनचं तोंडी चालत न्हाय. मी तेव्हा मान हलवली होती. धंद्याच्या सुरुवातीला माणूस कशालाही मान हलवतो.

तर गारगोटीकडच्या एका दूध संस्थेचं गेट हवालदारांकडं आहे. तिथल्या चेअरमनवर अविश्वास ठराव आला. अकरातले सात संचालक विरोधात. सभेच्या आदल्या दिवशी चेअरमनचा मला फोन. "पावणं, उद्या गेट उघडायचं न्हाय. आत रंगकाम चाललंय म्हणून सांगा." माझे कान तुम्हांला ठाऊक आहेत. फोनमागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, पर रंग कुठं आणलाय?" मला सगळं कळलं, आबा. पण त्याच्या शब्दावर आणखी चार संस्थांची गेटं माझ्याकडं होती, आणि त्या गेटांवर तुमच्यासारखीच पेन्शनीत न भागणारी माणसं. मी हवालदारांना फोन लावला. उद्या गेट बंद ठेवा.

"व्हय साहेब. लेखी पाठवा."

"अहो, मी सांगतोय की!"

"थोरल्या सुभेदारांचा हुकूम हाय, लेखीच पायजे."

"आबांना जाऊन नऊ वर्षं झाली!"

"व्हय. पर त्यांनी हुकूम रद्द केल्याला न्हाय."

लेखी द्यायला मी काही धजलो नाही. सकाळी हवालदारांनी गेट सताड उघडलं. साती आले, सात कडक सलाम. चेअरमन आला, त्यालाही तसाच सलाम. तासाभरानं तो ठरावात पडून बाहेर आला, तरी सलाम तेवढाच कडक. नवा चेअरमन मागोमाग धावत आला. "हवालदार, ह्या माणसाला उद्यापासनं आत सोडायचं न्हाय!"

"संचालक हायती अजून. लेखी ठराव द्या."

पडलेला चेअरमन तिथंच हसला म्हणे. चारी गेटं अजून माझ्याकडंच आहेत.

त्या उघड्या गेटाबद्दलच संस्थेनं माझा सत्कार ठेवला. तिथं मी भाषण ठोकलं. सैन्य सभागृहाचं ऐकतं, एका माणसाचं नाही. आमच्या आबांनी मला हेच शिकवलं. टाळ्या पडल्या. हवालदार मागं सावधानमध्ये उभे, नजर सरळ. परत येताना गाडीत मी हळूच विचारलं, "फोनचं कुणाला बोललाय काय?"

"कुणी लेखी विचारलं न्हाय, साहेब."

म्हणून हे लेखी देतोय, आबा. तुमच्या फोटोमागं ठेवीन म्हणतो, पण तिथं तुमची सून झाडलोट करते. गेट बंद ठेवा म्हणणारा मीच होतो. खाली सही तेवढी केलेली नाही.