मिरच्यांचा वास आला नाही तेव्हा

आये, आज घरात कोणी नाही. तुझी नात मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आहे, जावई नेहमीप्रमाणे जहाजावर आहे, आणि मी एकटीने जेवण उरकून टेबलाशी बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं. लाइटचं बिल आलं तरी माझ्यापुढे धरून म्हणायचीस, वाच मोठ्यानं. तेव्हा हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि यातलं एक असं आहे की ते या घरात मोठ्याने वाचायची माझी तयारी नाही. म्हणून नुसतं लिहिते.

तू गेलीस तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. त्यामुळे जावई तुला माहीत नाही, नात माहीत नाही, आणि अकराव्या मजल्यावरचा हा फ्लॅटही माहीत नाही. तुझ्या लेखी खारघर म्हणजे डोंगराच्या पायथ्याची भातशेती, तिथे माणसं मुद्दाम राहायला जातात हे तुला पटलंच नसतं. आणि तो आजार तर तुला कसा सांगू? एका वर्षी असं झालं की माणसाने माणसाजवळ जायचं नाही. बेलापूरचा मासळीबाजार बंद पडू शकतो यावर तुझा विश्वास बसला असता का? पडला होता बंद. दिवाळे गावाच्या होड्या खाडीत नुसत्या डुलत होत्या आणि तुझ्या जोडीच्या बाया तोंडाला फडकी बांधून दारात बसल्या होत्या. जावयाचा जहाजावरचा करार संपून गेला होता, पण कुठलंच बंदर माणसांना उतरू देईना. तो समुद्रात अडकलेला, मी इथे, आणि आमच्या मधे सात वर्षांची पोर. पोरीची शाळा माझ्या मोबाइलमध्ये भरायची, नवरा त्याच मोबाइलमध्ये यायचा, आणि मोबाइल चार्जिंगला लावला की घर रिकामं व्हायचं.

बाजार जरा सुरू झाल्यावर दादा एकदा मांदेली घेऊन आला. तुझा लेक तो, रिकाम्या हाताने यायचा नाही. वॉचमनच्या टेबलावर पिशवी ठेवली आणि गेटच्या बाहेर लांब उभा राहिला. आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंनी ओरडून ओरडून बोललो. वर येऊन मांदेली साफ केली, आणि मला इतकं बरं वाटलं, कारण मासळीला जराही वास नव्हता. तूच शिकवलं होतंस ना, ताजी मासळी वास मारत नाही म्हणून. मी दादाला फोन करून सांगितलंसुद्धा, काय फ्रेश आणलीस रे, वासच नाही. तो म्हणाला, ‘कालची हाय गं, आज गेलोच नाय आमी.’ मी म्हटलं, बर्फात चांगली राहिली असेल. तुझी लेक असून मला एवढंही सुचलं नाही की कालच्या मासळीला थोडा तरी वास हवा.

कुरकुरीत मांदेली म्हटलं की पोरगी ताटावर बसलेली उठायची नाही. त्या दिवशी तिने ताट सरकवलं. पोटात दुखतंय म्हणाली आणि सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडून राहिली. ताप नाही, खोकला नाही, नाक वाहत नाही. दुसऱ्या दिवशी जुलाब, आणि पायाची बोटं लालसर. मला वाटलं डास चावले. त्या दिवसांत सगळ्यांना एकच पाठ होतं, ताप आणि खोकला, ताप आणि खोकला. सोसायटीच्या गेटवर कपाळाला ती बंदूक लावायचे आणि आकडा बरा आला की माणूस शुद्ध. पोरीचा आकडा रोज बरा यायचा. डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओवर तिला जीभ काढायला लावली, पोट दाबायला मलाच सांगितलं, आणि म्हणाल्या की मुलांना होतं असं, घरात कोणी पॉझिटिव्ह नाही, टेस्टची गरज वाटत नाही. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर मला टेस्ट नकोच होती. बाजूच्या विंगमधल्या एका बाईला सेंटरवर घेऊन गेले होते. ती पिशवी घेऊन गाडीत चढली आणि तिचा लहान मुलगा वर गॅलरीत बापाच्या कडेवर हात हलवत होता. माझ्या पोरीला कडेवर घ्यायला घरात कोणी नव्हतं. मला नेलं असतं तर ती कोणाकडे राहिली असती? दादाच्या घरात त्याच्या सासूबाई म्हाताऱ्या, शिवाय आजारी घरातलं मूल त्या दिवसांत कोण घेणार. या एका प्रश्नापायी मला झोप यायची नाही.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी तुझा उपाय केला. जावई हसला असता, पण त्याला कोण सांगतंय. मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेतल्या, पोरीला पाटावर बसवलं आणि तिच्यावरून ओवाळल्या. तू पुटपुटायचीस ते सगळं मला आठवत नाही. आल्यागेल्याची, शेजारच्याची, वाटेवरच्याची, असं काहीतरी होतं, आणि मधे तू गल्लीतल्या एकदोघींची नावं हळूच घालायचीस. मी नावं घ्यायला गेले आणि थांबले. आल्यागेल्याची म्हणायचं तर कित्येक महिन्यांत आमच्या घरात कोणी आलंगेलंच नव्हतं. शेवटी ऑनलाइन वर्गातल्या बाईंची दृष्ट काढली, त्यांच्याशिवाय पोरीकडे बघणारं होतं कोण? मग तापलेल्या तव्यावर मूठ सोडली. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला. मी वाट बघत उभी राहिले. वास आला नाही. डोळ्यांत थोडं पाणी आलं, पण ते त्या दिवसांत कशानेही यायचं.

मला तुझ्या चुलीपुढचा चेहरा आठवला. मिरच्या निखाऱ्यांवर जळायच्या आणि तू मान वर करून हुंगायचीस. वास आला तर तोंड वाकडं व्हायचं, नाही आला तर माझ्याकडे वळून जिंकल्यासारखी म्हणायचीस, ‘बग, मिरच्यांची खाट सुटली काय? पोरीला दिष्ट लागलेली. गेली आता.’ आणि मला खरंच बरं वाटायचं. तव्यासमोर उभी राहून मी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं, तुझ्याच बोलीत. किती वर्षांनी ती बोली माझ्या तोंडातून निघाली. आये, त्या क्षणी तू स्वयंपाकघरात होतीस. दृष्ट होती, तू काढलीस, पोर बरी होणार, मला कोणी कुठे नेणार नाही. मी ओट्याला टेकून चक्क हसले.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, साताऱ्याकडच्या. गेला महिनाभर त्या दाराआडून फक्त मान हलवत होत्या. म्हणाल्या, ‘काय जाळाय लागलीस गं? समद्या पॅसेजमधी ठसका बसलाय. पोरगी बी खोकतीया बघ तुझी.’ मी वळून पाहिलं तर पोर आतल्या खोलीत खोकून खोकून लाल झाली होती आणि नाकावर उशी धरून म्हणत होती, ‘आई, बंद कर ना ते, किती घाण वास येतोय.’

फोन तसाच हातात राहिला. मी हिंगाची डबी उघडली. मग फिनाइलची बाटली. मग मागच्या डब्यातला सुका जवळा, ज्याचं झाकण उघडलं की लिफ्टपर्यंत कळतं. काहीच नाही. पाण्यात नाक घातल्यासारखं. दृष्ट वगैरे काही नव्हती, मिरच्यांना चांगला सणसणीत वास होता, मांदेलीलाही असणार. आजार माझ्या नाकात येऊन बसला होता आणि तुझ्या शिकवणीने दोन्ही वेळा मी त्याला शुभ शकुन समजले होते. तुझ्यावर रागावले मी त्या रात्री. मग रडले, कारण रागवायला तरी तूच सापडलीस.

डॉक्टरीणबाईंनी आता लगेच दोघींची टेस्ट लिहून दिली. लॅबचा मुलगा घरी आला, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये, आत घामाने भिजलेला. दारातच स्टूल मागितलं. माझ्या नाकात काडी घातली आणि पोरीकडे बघून थबकला. ‘मॅडम, बच्चीला ना ताप, ना खोकला. हिची कशाला करता? खालीपिली रडेल.’ मी म्हटलं, करा. पोरीने माझा अंगठा घट्ट धरला, डोळे मिटले आणि रडली नाही. काडी बाहेर आल्यावर त्यालाच विचारलं, ‘काका, मला आहे का?’ तो म्हणाला, ‘तुला कुठला असतोय.’ त्याने तिला धीर द्यायला म्हटलं होतं, आणि मी तिच्या मुठीतला अंगठा सोडवून घेतला नाही.

आता जे लिहिते ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. रिपोर्ट यायच्या आधीच्या त्या दिवसात मी देवापुढे बसले आणि मागितलं की पोरीचाही पॉझिटिव्ह येऊ दे. माझा येणार हे मला ठाऊक होतं. तिचा निगेटिव्ह आला तर मला तिच्यापासून वेगळं व्हावं लागेल, म्हणून आई असून मी लेकीसाठी आजार मागितला. मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हाचं तुला आठवतं? घरात फोडणी बंद, मासळी तळणं बंद, उशाला कडुलिंबाचा पाला. आत्या म्हणाली की तू बाजारात जा, गिऱ्हाईक तुटेल, पोरीला मी बघते. तू टोपली भिंतीला उलटी टेकवलीस आणि म्हणालीस, ‘माजी पोर हाय ती. मी नाय ऱ्हानार तिच्याजवल तं कोन ऱ्हानार?’ आणि माझ्याच चटईवर आडवी झालीस. तुला कोणाची परवानगी लागली नाही. मला तेवढंच हवं होतं, तिच्या चटईवर आडवं होणं.

दोघींचा पॉझिटिव्ह आला. फोनवर तो शब्द ऐकून मी पोरीला उचलून घेतलं आणि तिचे पापे घेतले. ती म्हणाली, ‘म्हणजे मी पास?’ पालिकेतून फोन आला, पोर लहान आहे, त्रास कमी आहे, दोघी घरीच राहा म्हणाले. दारावर कागद चिकटला. लिफ्टजवळ पावलं वाजली की आमच्या दारापाशी ती भराभर व्हायची. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की त्या घरातून खोकल्याचा आवाज येत होता, तरी लपवलं. तो खोकला मिरच्यांचा होता, आये. पोरगी आजाराने एकदाही खोकली नाही. मी ते लिहायला घेतलं आणि पुसलं, दृष्ट काढत होते हे कोणाकोणाला सांगत बसू. काकू मात्र स्टुलावर भाकरी आणि पिठल्याचा डबा ठेवून, बेल दाबून पळायच्या. पिठल्याची मला चव लागत नव्हती आणि मी ते चाटूनपुसून खायचे.

पोर माझ्याआधी बरी झाली. माझं नाक पुढे कित्येक आठवडे बंदच होतं. मग एका सकाळी फिनाइल आलं, मग कॉफी, मग हिंग. जवळा आला तेव्हा मी दादाला फोन करून सांगितलं आणि तो हसत सुटला. सगळं आल्यावर मी कपाटातला स्टीलचा डबा काढला. त्यात तुझी कमरेची पिशवी आहे, लाल कापडाची, ज्यात तू बाजारातले ओले पैसे खुपसायचीस. तिला खाऱ्या पाण्याचा, सुपारीचा आणि तुझा वास होता. इतक्या वर्षांत मी तो डबा फार थोड्या वेळा उघडला होता, वास संपू नये म्हणून. नाक बंद असताना तर हातही लावला नव्हता. त्या दिवशी झाकण काढलं, पिशवी नाकाशी धरली, आणि कापड होतं, नुसतं कापड. वास पिशवीतून गेला की माझ्यातून, हे मला आजही कळलेलं नाही. पोर शेजारी येऊन बसली होती. मी तिच्यापुढे पिशवी धरली. तिने खूप वेळ हुंगली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘येतो ना. आजीचा वास येतो.’ तिने तुला कधी पाहिलेलं नाही.

हे पत्र त्याच डब्यात ठेवायचं मनात होतं. पण त्यासाठी झाकण उघडावं लागेल, आणि आत काही उरलं असलंच तर तेही जायचं. म्हणून ड्रॉवरमध्ये टाकते. पोरगी आता येईलच, आल्यावर केकचं सगळं सांगेल, आणि तिच्यासमोर मी हे कधीच वाचू शकणार नाही. कारण त्या दिवशी ती ‘येतो’ म्हणाली तेव्हा मीही पिशवी पुन्हा नाकाशी धरली आणि तिला म्हटलं, हो गं, मलाही येतोय. आये, मला काहीच आलं नव्हतं.